उलट विचारल्यावर

तार्तूत फेब्रुवारी. नदी गोठलेली,
माणसं तिच्यावरूनच पलीकडे जातात, पूल रिकामा.
मी खिडकीशी. समोर गार झालेली कॉफी
आणि साफसफाईची यादी:
यंदाच्या आवृत्तीतून कुठली पॅकेजं गाळायची.

अकरावं नाव, नॅदल.
एकशे बारा ओळी. काम एकच,
तारीख दिली की वर्षाचा कितवा आठवडा ते सांगायचं.
शेवटचा हात फिरला त्याला चौदा वर्षं झाली.
लेखक काल्यो, पत्ता बंद पडलेल्या कंपनीचा.

त्याला काय लागतं, हे विचारणं सोपं.
प्रत्येक पॅकेज आपली उसनवारी स्वतःच लिहून ठेवतं:
मला हा हवा, तो हवा, अमक्या आवृत्तीच्या खालचा नको,
स्थळ बघताना घालतात तशा अटी.
पण त्याच्यावाचून कुणाचं अडतं
ते त्याच्या कागदांत कुठेच नसतं.
ते दुसऱ्यांच्या कागदांत.
म्हणून उलट विचारावं लागतं,
सत्तर हजार दारं ठोठावायची:
अहो, तुमच्यात नॅदल म्हणून कुणी लागतो का?

मशीन दोन सेकंदांत दारं ठोठावून आलं.
एक होकार. पूहा,
सणवार कोणत्या दिवशी ते काढणारं.
मग पूहाबद्दल उलट विचारलं.
एक होकार.
नॅदल.

मी हसलेच. उर्मासला बोलावून दाखवलं.
बर्फावरून घरी निघालेले दोन झिंगलेले,
एकमेकांच्या खांद्यावर हात,
दोघांनाही वाटतंय, आपणच दुसऱ्याला सावरतोय.
जगाच्या अध्यात ना मध्यात.
उर्मास म्हणाला, काढ दोन्ही.
उतरंडीतलं तळाचं मडकं नव्हे हे,
कोपऱ्यात वेगळी ठेवलेली जोडी आहे.

पूहाचा इल्मार सापडला, पार्नूत सायकली दुरुस्त करतो.
त्याने कळवलं:
आम्ही एका वसतिगृहात होतो. खुशाल काढा.
काल्योने माझा पाना अजून परत केलेला नाही.
काल्योचं उत्तर आलं नाही.
मी काढली.

तीन आठवडे काही नाही.
मग सारेमा बेटावरून मेल. एक डेअरी,
लिहिणाऱ्या बाई हेल्वे. विषय: शून्य.
मशीन अपडेट केल्यापासून चीजवर शिक्का उमटतोय
आठवडा शून्य.
दुकानदार विचारतात,
हे वर्ष सुरू व्हायच्या आधीचं आहे का?
सोबत फोटो. पिवळं चाक,
त्यावर निळं, गोल, ठसठशीत शून्य,
जणू कुणी मलाच मार्क दिलेत.

त्यांच्या तळघरात मी विचारलंच नव्हतं.
कसं विचारणार? सत्तर हजारांत ते दारच नाही.
कुण्या भाच्याने एका सुट्टीत चार ओळी लिहिल्या,
नॅदलला हाताशी धरलं आणि शिकायला निघून गेला.
त्या चार ओळींचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर चढलं नाही.
दर सोमवारी त्या नॅदलला हळूच विचारायच्या,
तो सांगायचा, त्या छापायच्या.
इतक्या वर्षांत चूक नाही, म्हणून चौकशीही नाही.

रात्री अकराला दोघांना परत आणलं,
उर्मासला न विचारता.
फॉर्मवर काय लागतं याचा रकाना आहे,
कुणाला लागतो याचा नाही.
म्हणून फाइलच्या तळाशी एकशे तेरावी ओळ घातली,
मशीन वाचत नाही अशी:
याच्यावर सारेमातलं एक चीज उभं आहे.

दिवा मालवायला उठले, परत बसले.
'एक' खोडून
'निदान एक' केलं.