घर हललं तो दिवस

आमच्या चिलोएत घर बदलायचं
म्हणजे आख्खं घरच ओढून न्यायचं.
सहा बैलजोड्या, खाली ओंडके, मागे गाव,
आणि भरतीच्या आत खाडी गाठायची.

एर्मिंदा चूल विझवायला तयार नव्हती,
बटाटे अर्धेकच्चे आहेत म्हणे.
नोल्बेर्तो सहा वर्षांचा, खिडकीतून
बैलांना नावानं हाका मारत होता,
त्यातली दोन नावं चुकीची.
दोमितिला तेवढी गप्प.
तिला वाटत होतं, आपण आहोत तिथंच आहोत,
बेटच निघालंय कुठंतरी.

मग घर तरंगलं.
मी पुढच्या होडीत, हातात दोर,
वळून बघतो तर
माझ्याच धुराड्यातून धूर,
उंबऱ्यावर मांजर,
आणि दोन्ही पोरं मला हात हलवतायत,
वाटेत भेटलेला कुणी परका असावा तसा.

आता नोल्बेर्तो पुंता आरेनासला.
दोमितिला फोनवर विचारते,
स्वयंपाकघर अजून गळतं का, बाबा?
गळतं.
त्या दिवशी निखळलेली फळी
एर्मिंदा रोज दाखवते.
उद्या ठोकतो, म्हणतो मी.
एकवीस वर्षं झाली
उद्याच म्हणतोय.