मागे

सकाळी सहाला आम्ही रुळांच्या कडेला उभे,
बारा जण, एकवीस कॅमेरे,
बूट दवाने भिजलेले.
डाव्या हाताला शेफिकाबाईंचा मका.
तिपाईचा पाय मक्यात गेला की त्या
खिडकीच्या गजांवर चमचा आपटतात.

बोस्नियातल्या या खाणीत इंजिन पोटासाठी राबतं,
आमच्यासाठी नाही.
रात्री त्याच्या पोटात विस्तव राखून ठेवतात,
चुलीतला निखारा राखेखाली झाकावा तसा,
आणि पहाटे सेनाहिद तो उकरतो.
कुणी म्हणतं त्रेचाळीस सालचं, कुणी म्हणतं चव्वेचाळीस.
वाद संपत नाही. इंजिनही येत नाही.

येतं तेव्हा आधी आवाज नसतो.
आधी कुत्रं उठतं.
मग मोरीखालचं पाणी शहारतं,
मग वळणावर पिवळट काळा धूर,
इथला कोळसा अजून कोवळा आहे,
पुरता दगड न झालेला.
मग बारा बोटं एकदम.
गेलं.

डच म्हाताऱ्यानं हात वर केला: मागे घ्या.

पैसे मोजलेत, म्हणून गाडी मागे जाते,
सव्वीस डबे कुरकुरत वळणापलीकडे,
आणि पुन्हा येते, जणू पहिल्यांदाच.
आम्हीही पुन्हा थक्क होतो, जणू.
दुसऱ्या खेपेला वारा उलटा. तिसऱ्या खेपेला ढग.
चौथ्या खेपेला माझ्याच टोपीची कड.

माझ्या भाषेत 'मागे' हा शब्द
पाठीकडच्या जागेलाही चालतो आणि सरलेल्या काळालाही.
चालक मुनिबला हे सांगावंसं वाटलं,
पण त्याच्या भाषेतले मला चारच शब्द येतात:
कॉफी, धूर, अजून, आभार.
तेवढ्यात ते बसेना.

पाचव्या खेपेच्या आधी
दोरीवर चादरी आल्या.
पांढऱ्या, चार, ऐन चौकटीत.
आम्ही हातवारे केले. कुणी शिट्टी वाजवली.
शेफिकाबाई चिमटे तोंडात धरून उभ्या,
एकीकडून दुसरीकडे बघत,
आणि गाडी आली,
आणि धूर खाली बसला,
जसा बसणारच होता.

मग कळलं, दुभाष्या पोराकडून, तुकड्यातुकड्यानं:
चाळीस वर्षं त्या गाडीच्या वेळेवर कपडे वाळत घालतात.
साडेसातचे डबे गेले की दहापर्यंत आभाळ त्यांचं.
घड्याळ लागत नाही, पंचांग लागत नाही.
आज साडेसात पाच वेळा वाजले.

त्या चादर घेऊन रुळांवर आल्या.
इंजिनापुढे धरली, ठिपक्याठिपक्यांची,
पंचनाम्याला पुरावा ठेवावा तशी.
मुनिब खाली उतरला. टोपी काढली.
काही बोलला नाही.
चादरीची पलीकडची दोन टोकं धरली
आणि दोघांनी झटकली,
एकदा, दोनदा, पुढे येत, मागे जात,
घड्या घालताना घालतात तशी.
काजळी आमच्या भिंगांवर आली.
इंजिन वाफ सोडत थांबलं होतं,
कुणी घाई केली नाही.

डच म्हाताऱ्यानं खाली बघत तिपाई मिटली.

संध्याकाळी गटाच्या हिशोबात एक नवी ओळ:
साबण, दोन किलो.

शेवटच्या फेरीला मुनिबनं मला इंजिनात चढू दिलं.
पाय भाजत होते, तोंडात जस्ताची चव.
सेनाहिदनं भट्टीच्या ओठावर कॉफी ठेवली,
ती उतू गेली, तो हसला, मी म्हणालो: अजून.
कॅमेरा पिशवीत, पिशवी कोळशावर.
वळणावर मक्याच्या कणसांना आमचा दिवा लागला
आणि कुंपणाशी शेफिकाबाई,
शेजारी ओल्या चादरींची पाटी,
ओठ हलताहेत:
चोवीस, पंचवीस, सव्वीस.
मी मागे वळून पाहिलं.
पहिली चादर दोरीवर चढत होती.