डावा पाय किंचित मोठा

कोचकोरच्या मागे, गोठ्यावरच्या टेकाडावर
एका ठराविक दगडापाशीच फोनला रेंज येते.
बुरुलचाने त्यावर जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरलाय.
तिथं बसून ती दुनिया बघते
अंगठ्याने,
हातमोज्याला पाडलेल्या भोकातून.

पहिला हिवाळा तिनं नुसतं बघितलं.
कुणी कापड मेणात बुडवत होतं,
कुणी मासळीच्या कातड्याची पाकिटं शिवत होतं,
एक मुलगी, कुठली कोण जाणे,
फुटक्या कपांचे कान भिंतीत बसवून
त्यांच्या खुंट्या करत होती.
बुरुलचाला आधी हसू आलं.
मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
कपाचा कान!
म्हणजे आपण आजवर काय काय उकिरड्यावर टाकलं?

चिलोए बेटावरचा एवारिस्तो नावाचा म्हातारा
लोकरीच्या सपातांना जुन्या टायरचा तळ लावायचा.
भाषा कळायची नाही. सुई कळायची.
कुठं वळते, कुठं दोरा दातात धरावा लागतो,
सतरा वेळा मागे नेऊन बघितलं.
अठराव्या वेळी बॅटरी गेली
तेव्हा सुई तिच्याच हातात होती.

लोकर भिजवायची, साबण, कढत पाणी,
बोरूच्या चटईत गुंडाळून तुडवत राहायचं:
आपल्याकडे बुरणूस करतात, त्यातलंच हे.
नणंद सायकाल तुडवता तुडवता म्हणाली,
वहिनी, चोरलेला टाका आहे, पण कोण विचारतंय?
तो समुद्रातला, आणि आपल्या देशाला किनाराही नाही.
बुरुलचाने तरी लिहिलं, यंत्राकडून भाषांतर करून:
तुमचा टाका घेतलाय. किंमत सांगा.

अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी दोन जाड बोटांचा फोटो, आणि:
टाका मी शिडावरून उचलला.
शिडाला काही दिलं नाही.
तू कुणाला तरी खाऊ घाल.
नंतर कळलं, म्हाताऱ्याने 'शिकव' लिहिलं होतं,
यंत्राने घोळ घातला.
तोवर गल्लीतल्या पाच पोरी जेवून
पंगतीतच सुया ओवायला बसल्या होत्या.

मग बिश्केकहून तालगातचा फोन.
तीनशे जोड. माल कारखान्याचा,
तुम्ही फक्त 'हाताने केलेले' अशी पट्टी शिवा.
पडद्यावर काय, लोकर ती लोकरच दिसते.
त्या रात्री ती पुन्हा दगडावर गेली. उणे एकोणीस.
छपराचा पत्रा, बेक्तुरच्या वसतिगृहाची फी,
बँकेचा हप्ता, असं बोटांवर मोजत गेली,
बोटं बधिर झाली, हिशेब मध्येच राहिला.
नाही म्हणायला फार शब्द लागत नाहीत,
पण ते तोंडातून निघेपर्यंत
चहा दोनदा गार झाला.

सकाळी तिनं आपल्या मालाखाली लिहिलं:
डावा पाय किंचित मोठा आहे.
डावा सायकाल करते, तिचा हात हलका, लोकर कमी आवळते.
भिजल्यावर मेंढीचा वास येतो. मेंढीचीच आहे.
टाका एवारिस्तोचा, त्याआधी एका शिडाचा.
टायर गावच्या बसचा.
त्या बसचा ब्रेक लागत नसे, टायरची तक्रार नव्हती.

महिन्याभरात चार जोड खपले.
चारच. त्यातला एक परत आला, वासासाठी.
आणि एका बाईने कळवलं, कुठल्याशा थंड गावातून:
अपघातानंतर माझा डावा पाय सुजलेला असतो.
सात वर्षं मी प्रत्येक वेळी दोन जोड विकत घेते,
दोन्हींतला एकेक टाकून देते.
तुमच्या नणंदेला सांगा, हात असाच ठेव.

सायकालने ते तीनदा वाचायला लावलं.
पत्रा अजून गळतो. तालगात दुसऱ्या गावात गेला,
तिथं पट्ट्या शिवणं चालू आहे म्हणतात.

आता दगडावर दोघी मावत नाहीत.
सायकालने शेजारी दुसरा धोंडा लोटत आणला.
त्याच्यापाशी रेंज येत नाही.
तरी ती बसते,
वहिनीच्या अंगठ्याकडे बघत,
मधेच म्हणते, थांब, मागे घे,
त्या बाईच्या हातात काय होतं?