गोळी बंद

गोळी बंद करून आज एकविसावा दिवस.
पहाटे हात डब्बीकडे जातोच,
नऊ वर्षांची सवय, हात काय ऐकतो.
डॉक्टर म्हणाले, शरीर जरा भुकेजू द्या,
कुठं काही दडलं असेल
तर आयोडीन खायला पुढे येईल.
आमच्या जंगलखात्याचे लोक बिबट्यासाठी
पिंजऱ्यात बकरी बांधतात, तसंच हे.
फक्त पिंजरा मी, बकरी मी,
आणि तो असलाच, तर तोही माझाच.

मीठ वेगळं, लाखनीच्या आयुर्वेदिक दुकानातलं.
दूध नाही, अंडं नाही, मासोऱ्या तर नाहीच.
रायवंता तलावावरून येते, टोपलं उतरवते,
"घ्या ना जी, मरळ आहे, जित्ती."
नको म्हटलं तर तिला वाटते पैशाचं असेल.
"उधार राहू द्या न बाई."
मी पदर जरा सरकवते.
ती गळ्यावरची रेघ बघते,
टोपलं झाकते.

बाहेर पंचेचाळीस.
डाकघरात मी शाल पांघरून.
अकरालाच डोळे मिटतात.
बकाराम म्हाताऱ्याच्या पासबुकात
तीनशे वीसचे तीन हजार दोनशे लिहून बसले.
"राहू द्या न तसंच," तो हसला.
मी खोडलं, सही केली.

दशांशाचंच आहे सगळं.
मागच्या साली शून्य पूर्णांक दोन.
यंदा, गोळी चालू असतानाच, एक पूर्णांक चार.
तिळाएवढा ठिपका,
त्याच्या अलीकडे मी बरी होते.
पलीकडचं डॉक्टर "बघू" म्हणाले.

नागपूर. मशीनची पाटी नाकाशी येते.
"हलू नका. गिळू नका."
म्हटलं की गिळावंच वाटते.
मग मी मनात टपाल लावत बसले:
कापगतेंची गल्ली, शाळा, समाजमंदिर,
बोडीच्या पारीवरची चार घरं,
एक रजिस्टर पत्र, घरी कोणी नाही, परत.
रायवंताच्या दारी पोचले
तर पोरगा म्हणाला, झालं, उठा.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही.
रक्तात आकडा आहे.
पिंजरा रिकामा, चिखलात पंजे.
असं डॉक्टर नाही म्हणाले,
ते म्हणाले, सहा महिन्यांनी या.
बसमधून यांना फोन केला.
"काय म्हणते डॉक्टर?"
"काही नाही म्हणते."
पुढे साकोलीपर्यंत खिडकी.

आज गोळी सुरू.
डाकघर उघडून शिक्क्याची तारीख बदलली.
ठशांच्या पेटीत सगळे महिने पडलेले असतात,
नोव्हेंबरही.
चिमट्यानं उचलून पाहिला,
गार लागला, की माझीच बोटं अजून.
ठेवून दिला.

"मरळ नाही आज," दारातून रायवंता,
"बारीकच आहेत मासोऱ्या."
दे म्हटलं.
घरचं मीठ घालून करीन.