हेडफोनचं भाडं

भिशी लागली द्वारकाला,
पण गोव्याचं खूळ नसीमचं.
तिच्या मोबाईलमध्ये निळं पाणी होतं, पाण्यात पिवळा मासा.
जेवणाच्या सुट्टीत तिनं तो इतक्यांदा दाखवला
की डब्यातल्या झुणक्यालाही खारा वास यायला लागला.

इचलकरंजीहून निपाणी, मग रात्रभर घाट.
मडगावला पहाटे उतरलो तेव्हा
तिघींच्या केसांत अजून कापसाची तूस होती.

पाळोळ्यात माडांखाली पत्र्याची खोली,
पंखा एक, गाद्या दोन.
मार्सेलीनाबाई म्हणाल्या, सीझन संपत आलाय म्हणून सातशे.
साडेसहाशेला तुटलं.
घासाघीस आम्हाला कोणी शिकवू नये,
मीटरमागच्या पैशांवर आयुष्य काढलंय.

पहिला दिवस नुसत्या बसून राहिलो लाटांसमोर.
साड्या भिजल्या घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत,
पुढं कशाला मोजायचं.
शेजारी एक गोरी म्हातारी उघड्या पाठीनं पुस्तक वाचत पडलेली.
द्वारका म्हणाली, हिला घरातनं कोणी हाका मारत नसंल काय गं?
मोठ्यांदा म्हणाली. ती सगळंच मोठ्यांदा म्हणते.
बावीस वर्षं मागांच्या मधे उभी राहिलेली बाई,
डावा कान कधीच गेला, उजव्यात थोडी धुगधुगी.

दुसऱ्या दिवशी आग्नेलची होडी.
लाइफ जॅकेटला मासळीचा आणि परक्या घामाचा वास,
डोळ्यांवर काच, तोंडात नळी.
"भियेनाका," आग्नेल म्हणाला,
"दर्यो खायना, चाखून पळयता."
मला चाखलं त्यानं. नाकातोंडात पाणी,
होडीचा दोर मी सोडला नाही.
पण एकदा, एकदाच, डोकं खाली घातलं
आणि खटाखट थांबली.

शेड सुटल्यावरही डोक्यात चालू असते ती,
झोपेत, लग्नाच्या मांडवात,
नवऱ्याला नेला त्या दिवशीसुद्धा चालू होती,
ती थांबली.
नळीतनं फक्त माझा श्वास, भात्यासारखा.
मासा पिवळा नव्हता. मळकट, पट्ट्यापट्ट्यांचा,
लुंगीच्या कापडासारखा,
काठाला जरा उसवलेला.

वर आले तर द्वारका पाण्यावर पसरलेली,
हातांच्या खुणांनी नसीमला काहीतरी सांगत होती,
मागांवर आम्ही बोलतो तसंच.

रात्रीचं मात्र बजेटात नव्हतं.
वर खडकांवर नाच. दहानंतर स्पीकर बंद,
म्हणून प्रत्येकाच्या कानावर हेडफोन.
दारावरचा पोरगा म्हणाला, लेडीज फ्री,
हेडफोनचं भाडं तीनशे, डिपॉझिट वेगळं.
आम्ही एकच घेतला तिघींत,
पाळीपाळीनं, भिशीसारखा.

आत दोनशे माणसं उड्या मारत होती
आणि आवाज फक्त चपलांचा.
नसीम हसता हसता खालीच बसली.
कोणाच्या कानावर निळा दिवा, कोणाच्या लाल,
ज्याचं गाणं त्याला.
मी लावून बघितला. धाड धाड, धाड धाड.
अगं बाई, ही तर आपलीच शेड!
याला तीनशे?

द्वारकाच्या पाळीला तिनं तो घेतलाच नाही.
पाय आधीच सुरू झाले होते तिचे.
"खालनं येतंय की," ती ओरडली,
"एवढी माणसं पाय आपटाय लागल्यात!"
निळ्यांचा ताल एक, लाल्यांचा दुसरा,
ती दोन्हीच्या मधल्या कुठल्यातरी तालात,
पदर खोचून, डोळे मिटून.
एक पोरगा, पुण्याबिण्याचा असावा,
दया येऊन आपला हेडफोन काढून तिला द्यायला आला.
तिनं तो त्याच्याच कानांवर नीट बसवून दिला
आणि नाचत राहिली.

परतीच्या गाडीत हिशेब केला तर
चाळीस रुपये जास्त निघाले. कोणाचे ते कळेना.
वीसच्या दोन नोटा, भिजून वाळलेल्या,
मीठ धरून कडक झालेल्या.
अजून माझ्याच डब्यात आहेत.
द्वारका म्हणते, मोडू नकोस,
तो मासा मी नीट बघितला नाही.