चार पावलं

घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे अंगठा टेकवून
मी हळूहळू वर सरकतो, चार बोटं,
पण बघतो चेहऱ्याकडे.
हाड मोडलं असेल तर ते चेहरा आधी सांगतो,
एक्स-रे मागाहून.

शाल्मली टिपणीसचा चेहरा काहीच सांगत नाही.
बारा वर्षं कथक.
कळ ओठांच्या आत कशी ठेवायची
हे ती तत्कारासोबतच शिकलेली.

चार पावलं चालून दाखव, म्हणतो.
चरईतलं माझं क्लिनिक, खाली पिठाची गिरणी,
दुपारभर फरशी बारीक थरथरत असते.
त्या थरथरीवर ती चौथं पाऊल
नेमकं समेवर आणून ठेवते
आणि हसते.

मग मी तिचा चांगला पाय बघतो.
त्याची पाचही बोटं फरशीला धरून आहेत,
गच्चीच्या कठड्याला धरावं तशी.

हाड शाबूत निघालं.
पण टाच तळहातात घेऊन पुढे ओढली
तर ती आली, जरा जास्तच आली,
जुन्या टेबलाचा सैल खण यावा तशी.
कधीपासून?
मार्च.
आज ऑगस्टची अकरा तारीख.
घुंगरांच्या दोरीचा काळपट वळ
सुजेत अर्धा बुडालेला.

त्याच आठवड्यात हर्षल मढवी, ऐरोलीच्या दिवागावातला,
चढाईत बोनस घ्यायला गेला आणि मुरगळून आला.
हात लावायच्या आधीच असा ओरडला
की गिरणीवाला जिना चढून वर.
त्याचं फार नव्हतं. दोन आठवडे.

आता दोघं उशीवर एका पायावर उभे, डोळे मिटून.
लंगडी घालायला घ्यायचं नाही, एवढाच फरक.
बंध फाटतो तेव्हा नुसती दोरी तुटत नाही,
पाय कुठे आहे हे कळवणारा निरोप्याही
वाटेत कुठेतरी बसून राहतो.
त्याला रोज हाका माराव्या लागतात.
तीस सेकंद. पुन्हा तीस.

आई विचारतात, दिवाळीत कार्यक्रम?
मी म्हणतो, पंचवीस घुंगरांपासून बघू.
दीडशेचं नाव काढू नका.

सहाव्या आठवड्यात ती डगमगली.
हर्षलने एक डोळा उघडला,
"अगं, ओरड ना. इथं कोण बसलंय गुण द्यायला?"

ती ओरडली नाही.
पण भिंतीला हात टेकवून, खाली बघत,
"दुखतंय," म्हणाली.

मी तिच्या कागदावर तारीख घातली
आणि पुढे लिहिलं: सुधारणा आहे.