बर्फाची जाडी

केर्तू, तुझा एक हातमोजा माझ्याकडे राहिलाय,
डाव्या हाताचा, अंगठ्याशी उसवलेला.
तार्तू सोडताना बाकी सगळं वाटून झालं होतं.
किटली तुला, रेडिओ मला,
खिडकीतली कोरफड कोणालाच नको होती
म्हणून ती जिन्यात ठेवली आपण.

इथे बेटावर साडेतीनलाच अंधारतं.
आईने काही विचारलं नाही. राईच्या पावाचा जाड काप,
वर खारवलेली मासळी, आणि चुलीजवळ सरकवलेली खुर्ची, बस.
मामा म्हणाला, विसाव्या वर्षी काय ते रडणं,
आणि स्वतःच बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, बराच वेळ.
मी तीन आठवडे झोपले. रजई, त्यावर रजई,
त्यावर बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट.

जानेवारीत समुद्र धरला.
फेरीबोट बंद पडली
आणि बर्फावरच्या रस्त्याला माणसं हवी होती.
काम सोपं: गिरमिटाने भोक पाडायचं,
पट्टी आत सोडायची, आकडा वहीत लिहायचा.
जोडीला विर्वे, जाळी विणणाऱ्या आर्वोची मुलगी,
शाळेत माझ्या एक वर्ष पुढे.
मी तिला एकदा स्केटिंग करताना पाडलं होतं.
तिला तारखेसकट आठवत होतं.

पहिल्या दिवशी चौदा सेंटिमीटर.
माणसाला पुरतो, ती म्हणाली, गाडीला नाही.
दुसऱ्या दिवशीही चौदा.
तिसऱ्या दिवशी हिम पडलं, भुसभुशीत, गुडघाभर.
मला वाटलं, चला, आता जाड होईल.
विर्वेने फावडं माझ्या हातात दिलं.
हे वरचं म्हणजे पांघरूण, म्हणाली,
राहू दिलंस तर खालचं पाणी ऊब धरून बसतं,
गोठायचं नावच घेत नाही.
काढ ते. थंडी लागू दे त्याला.

केर्तू, मी दुपारभर फावडं मारलं
आणि तुझं नाव घेतलं, मोठ्याने, चार-पाचदा,
वारा इतका होता की वाटलं कुणाला ऐकू जाणार नाही.
विर्वेला गेलं.
तिने थर्मासमधला चहा ओतला, झाकण आधी मला दिलं,
आणि क्षितिजाकडे बघत म्हणाली,
माझ्याकडे ते नाव मेरिके होतं. दोन हिवाळे.
मग आम्ही पुढचं भोक पाडलं.

फेब्रुवारीत रस्ता उघडला.
पाटी आम्हीच रोवली:
मध्ये थांबू नये. समोरच्या गाडीपासून अंतर ठेवा.
सीटबेल्ट लावू नये.
(फुटलाच, तर बाहेर पडता आलं पाहिजे.)
तिच्या वडिलांच्या खटाऱ्यातून आम्हीच पहिल्या निघालो,
पट्टे मोकळे, दारं किलकिली,
आणि खालून बर्फ बोलायला लागला,
कण्हल्यासारखा, मग लांबवर धावत गेलेली एक तार.
फुटतोय का गं?
नाही, बसतोय. गप्प बर्फाला घाबरायचं.

मधोमध तू गाडी थांबवलीस.
पाटी ठोकतानाचा ओरखडा अजून ताजा होता तुझ्या बोटावर.
आधी स्वतःचा हातमोजा काढलास, मग माझा,
आणि माझी गारठलेली बोटं मफलरच्या आत
गळ्यापाशी धरून ठेवलीस.
शहारलीस, पण सोडली नाहीस.
मी म्हटलं, माझ्याच्यानं अजून... म्हणजे,
गाडीचं वजन नको इतक्यात.
तू म्हणालीस, मग चालत जाऊ की.

ओठ दोघींचे फुटलेले. व्हॅसलीनची चव,
आणि थोडी त्या चहाची.

केर्तू, आत्ता वाचताना लक्षात आलं,
वरच्या ओळींतली 'तू' तू नाहीस.
कधी बदललं, वहीत नोंद नाही.

हातमोजा शुक्रवारच्या टपालाने पाठवते,
टपाल आता बर्फावरून जातं.
अंगठा विर्वेने शिवलाय.
दोरा लाल आहे, तुझ्या करड्यावर उठून दिसेल.
तिच्याकडे तोच होता.